फर्स्टली आणि मंडळींना अनावृत पत्र

श्रीयुत फर्स्टली, सेकंडली, थर्डली आणि फायनली यांस,

पत्रास कारण की, इंग्रजी निबंधाची वरात निघाली की तुम्ही चौघे बँडवाल्यांसारखे सर्वांत पुढे असता, आणि मागे वळून पाहावं तर घोड्यावर नवरदेवच नसतो. मोबाइलच्या तोट्यांचा निबंध घ्या. फर्स्टली डोळे बिघडतात, सेकंडली अभ्यास बुडतो, थर्डली पैसे जातात. डोळ्यांना पहिला नंबर कशासाठी? पैसे वर आणि डोळे खाली नेले तरी निबंधाला काडीचाही धक्का लागत नाही. म्हणजे तिथे क्रम मुळात नव्हताच, तुम्ही फक्त तो असल्याचा दाखला दिलात. गंमत अशी की ज्या आयईएलटीएस परीक्षेसाठी क्लासवाले मुलांकडून तुम्हाला घोकून घेतात, तिथले निकष वेगळंच सांगतात. जोडशब्दांचा अतिवापर पाचव्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, वर्णनात दोष म्हणून येतो, सहाव्यात जोडणी यांत्रिक वाटू शकते असं म्हटलंय, आणि नवव्या बँडची जोडणी वाचणाऱ्याचं लक्ष क्वचितच वेधते. तुम्ही तर ढोल घेऊन उभे!

तुम्हाला एवढं बोलावणं का येतं, याचं मूळ मात्र आमच्या मराठीत आहे. आमच्याकडे क्रम क्रियापदाच्या शेपटीत राहतो. ‘उठून, आवरून, डबा घेऊन ती स्टेशनवर गेली’ या वाक्यात चार कामं झाली, पण एकही ‘नंतर’ लागला नाही. इंग्रजीत असा सुटसुटीत ‘ऊन’ मिळत नाही, म्हणून बावरलेला लेखक दर वाक्याला ‘देन’ ठोकतो किंवा तुम्हाला हाक मारतो. त्यात आमचं ‘शेवटी’ दोन कामं करतं, म्हणून समारोपाला ‘लास्टली’च्या जागी ‘ॲट लास्ट’ येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा सुटला बुवा एकदाचा. तसंच ‘फर्स्टली’च्या जागी ‘ॲट फर्स्ट’ म्हटलं की पुढे काहीतरी पालटणार अशी इंग्रजी वाचकाची अपेक्षा असते, पण पालटत काहीच नाही. खरं तर क्रम दाखवायला इंग्रजीकडेही मुकाट्याने राबणारी माणसं आहेत. गुऱ्हाळाचं वर्णन करताना ‘द ज्यूस इज बॉइल्ड अन्टिल इट थिकन्स’ एवढं लिहिलं, तर त्या एका ‘अन्टिल’मध्ये आधी काय, मग काय आणि कढई कधी उतरवायची, सगळं येतं. तेच ‘फर्स्टली रस उकळतात, सेकंडली तो घट्ट होतो’ असं लिहा. झाली वाण्याची यादी.

यावर तुमचे वकील म्हणतील, वाचकाला वाटेत पाट्या नकोत का? घाटात वळणाची पाटी हवीच. पण सरळ रस्त्यावर दर वीस पावलांवर ‘पुढे रस्ता आहे’ अशी पाटी कोण लावतं? दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो: भरलेल्या वर्गात साच्याशिवाय मुलं लिहीतच नाहीत, साचा दिला तर निदान तीन मुद्दे तरी उतरतात. मान्य. स्लॅब टाकताना सेंट्रिंग लागतंच. फक्त स्लॅब पक्का झाल्यावर ते उतरवतात. आमच्याकडे पदवीधराच्या नोकरीच्या अर्जातही ते तसंच टांगलेलं असतं. (तुमच्या रूपाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ‘फर्स्ट’च बरं, ‘फर्स्टली’ हा हास्यास्पद पंडिती नवशब्द आहे, असं म्हणत इंग्रज निबंधकार डी क्विन्सीने फर्स्टलीरावांची टर उडवली होती, पण इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्ये तो आग्रहच निरुपद्रवी पांडित्यात जमा केला.)

तेव्हा तुम्हाला बडतर्फ करा असं म्हणणं नाही. प्रेशर कुकरच्या माहितीपत्रकात, प्रयोगवहीत, जिथे दुसरी पायरी पहिलीच्या आधी घेतली तर भडका उडतो, तिथे खुशाल ठाण मांडा. मोबाइलच्या तोट्यांतून मात्र तेवढी रजा घ्यावी. फायनलीरावांनी तर विशेषच, कारण त्यांच्यामागून बहुधा आणखी दोन परिच्छेद येतात.

आपला,
एक थकलेला वाचक