लिहून ठेवलंय!

राळेगावात लाइन गेली की लोक मेणबत्ती शोधतात. आमचे सर श्रोता शोधतात.

सर निवृत्त शिक्षक. कापसाच्या गावात जन्म गेला, पण कापसाचा भाव विचारा, हमखास चुकतील. आयझॅक असिमॉव्हच्या विज्ञानकथेचं साल मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक. पिशवीत भाजीखाली त्याचं पुस्तक असतंच: पुठ्ठा सुटलेला, पाठीला चिकटपट्टी, खुणेला विजेचं बिल.

अंधारातली त्यांची ठरलेली कथा म्हणजे १९४१ची 'नाइटफॉल'. सहा सूर्यांचा ग्रह. रात्र २०४९ वर्षांतून एकदाच. ती पडताच माणसं वेडी होतात, उजेडासाठी शहरं पेटवतात. परवा हे सगळं ऐकून शेजारचा शेतकरी उठला. "सर, आमची तं लाइनच रातची. बारा वाजता ओलिताले जा लागते. येडं व्हाले टाइम कुठं हाय?"

किराणा दुकानातही तेच. पंचवीसचे दोन पुडे आणि अठराचा एक. पोरानं हिशेबाला मोबाइल काढला मात्र, सरांना १९५८ची 'द फीलिंग ऑफ पॉवर' आठवली. यंत्रांच्या नादात पाढे विसरलेली माणसं, कागदावर गुणाकार करून दाखवणारा मायरन ऑब नावाचा साधा तंत्रज्ञ आणि माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो म्हणून त्यालाच क्षेपणास्त्रात बसवायला निघालेलं लष्कर! कथा लष्करापर्यंत पोचली तोवर रांग रस्त्यावर आली होती. मागची म्हातारी म्हणाली, "अडुसष्ट झाले. पैसे द्या अन् सरका बाप्पा बाजूले." सर हर्षानं ओरडले, "मायरन ऑब!" म्हातारीला वाटलं, शिवी दिली.

पुराणात विमानं होती, असं कोणी म्हटलं की सर भडकतात. "काहीही निघालं की म्हणे आमच्या ग्रंथात आधीच होतं! लाज वाटत नाही?" तेवढ्यात कोणी रोबॉटचा विषय काढतो. सर लगेच शांत होतात. "त्याचे तीन नियम ना? लिहून ठेवलेत. १९४२."

मराठीत कोणी नाही का, असं विचारलं की छाती फुगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे सर अशा थाटात सांगतात, जणू पाकिटावर तिकीट यांनीच लावलं होतं.

आता सरांनीही कथा लिहायला घेतली आहे. आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव पक्कं झालं. नवी वही आली, दिवाळी अंकाचा पत्ताही मिळाला. कथा तेवढी राहिली. कारण काही सुचलं रे सुचलं की सर कपाळाला हात लावतात: हे तर १९५६ सालीच येऊन गेलं!