कापलेल्या पेन्शनचे अपील : स्वेच्छानिवृत्तांसाठी मार्गदर्शक सूचना

२० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली, तीन महिन्यांची नोटीस दिली, शाल-श्रीफळ घेतले आणि पीपीओ हाती आल्यावर पेन्शनचा आकडा अपेक्षेपेक्षा बुटका निघाला, अशा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सदर सूचना आहेत. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्या दुःखाचे लेखाशीर्ष वेगळे आहे.

अपिलापूर्वी पेन्शन नेमकी कोणी कापली याचा तपास करावा. पुष्कळदा आरोपी घरातच सापडतो. अंशराशीकरणाच्या अर्जावर स्वतः सही करून ४० टक्के पेन्शन विकलेली असते आणि त्या पैशांतून वरच्या मजल्याचा स्लॅबही पडलेला असतो. तो हिस्सा १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तोवर महालेखापालांच्या नावाने बोटे मोडू नयेत. महागाई वाढ मात्र मूळ पेन्शनवर लागते, तेवढे पाहून घ्यावे.

कात्री दुसऱ्याची असेल तर तिची खूण सेवापुस्तकात सापडते. सेवापुस्तक म्हणजे आपले चरित्र. लिहितो मात्र आस्थापना शाखेचा लिपिक, आणि दर बदलीनंतर अक्षर वेगळे. मधल्या एखाद्या पानावर ‘असाधारण रजा’ अशी दोन शब्दांची नोंद असते. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायची अशी रजा एरवी अर्हताकारी सेवेत धरत नाहीत. प्रमाणपत्र तुम्ही दिले होते; नोंदीत तेवढे उतरायचे राहिले. दुसरी खूण वेतन पडताळणी पथकाची. जुनी वेतननिश्चिती चुकली, एक वेतनवाढ जादा दिली, असा आक्षेप नेमका निवृत्तीच्या तोंडावर येतो. शेवटचे वेतन एक पायरी खाली येते आणि पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणून तीही घसरते. निश्चिती करणारा लिपिक तोवर पूर्ण पेन्शनवर सुखाने घरी बसलेला असतो.

सेवापुस्तकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. कायद्याने उत्तराला ३० दिवस. उत्तर बहुधा असे : मूळ पुस्तक प्रस्तावासोबत महालेखापाल कार्यालयात आहे. तिथे विचारावे तर ते त्रुटीपूर्ततेसाठी आपल्याच कार्यालयाकडे परत गेलेले असते. दोन्ही उत्तरे खरी असतात. म्हणून शहाण्याने नोटीस देण्याआधीच पानन्‌पान झेरॉक्स करून ठेवावे.

आता अर्ज. ‘आयुष्याची उमेदीची वर्षे शासनचरणी वाहिली’ हे वाक्य गाळावे. वाचणाऱ्यानेही ती वाहिलेली आहेत. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. ते जरूर लिहावे, पण त्याने बेरीज बदलत नाही. बेरीज बदलते ती पान क्रमांक, तारीख आणि १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नेमका नियम लिहिल्याने. अर्ज थेट मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापालांना धाडला तर ‘कार्यालयप्रमुखांमार्फत यावे’ असे कळवले जाते. तेव्हा तो आधीच कार्यालयप्रमुखांकडे, म्हणजे ज्या टेबलावर नोंद चुकली त्याच टेबलावर द्यावा आणि बारनिशीतून शिक्क्यासह पोच घ्यावी.

जादा गेलेला पगार परत मागितला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल जोडावा. निवृत्तांकडून अशी वसुली करू नये, असे त्यात म्हटले आहे. मात्र वेतन आयोगाच्या फरकाच्या आनंदात न वाचता सही केलेले हमीपत्र आठवून पाहावे. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये हमीपत्र देणाऱ्याकडून वसुली होऊ शकते असे ठरवले.

सहा महिने उत्तर आले नाही तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जे जवळ पडेल ते. त्या सहा महिन्यांनंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. दरम्यान पाठवलेल्या स्मरणपत्रांनी, ती कितीही सविनय असोत, मुदत वाढत नाही. अनेकांची प्रकरणे स्मरणपत्रांतच म्हातारी होतात.

आणि अपिलाच्या भरात नोव्हेंबर विसरू नका. बँकेत कोषागाराची यादी आलेली असते, तिच्यात आपल्या नावापुढे सही करून हयात असल्याचे कळवावे लागते. ते राहिले तर कापलेली का होईना, जी पेन्शन येते आहे तीही थांबते.