‘करमलं का गं?’ विचारणाऱ्या समस्त हितचिंतकांस

ती. आत्याबाई, मामी, दोन्ही चुलत जावा, चौथ्या मजल्यावरच्या काकू आणि लिफ्टमध्ये भेटलेले, नाव ठाऊक नसलेले गृहस्थ यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं पाच रात्री व्हिएतनामला जाऊन आलो. सात वर्षांचे चिरंजीव आणि चार वर्षांची कन्या आजी-आबांकडे होती. परतल्यापासून आपण प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारलात, ‘मुलांना सोडून करमलं का गं?’ लिफ्टमधल्या गृहस्थांनी ‘गं’च्या जागी ‘हो’ घातलं, एवढाच काय तो फरक. २५ डॉलर घेऊन व्हिसा देणाऱ्या व्हिएतनाम सरकारलाही ही शंका आली नव्हती. एकेकाला उत्तर देत बसले तर लग्नाचा अकरावा वाढदिवस उजाडेल, म्हणून हे सामाईक पत्र.

आधी कबुलीजबाब. करमलं. पहिल्या दिवशी जरा चोरून, दुसऱ्या दिवसापासून राजरोस. आम्ही होई आनला राहिलो होतो. थू बोन नदीकाठचं हे जुनं व्यापारी बंदर, १९९९ पासून जागतिक वारसा स्थळ. पिवळ्या भिंतींची घरं आणि गल्लोगल्ली टांगलेले रेशमी कंदील. आपण दिवाळीत चार दिवस मिरवतो ती हौस तिथं बारा महिने चालते. त्या उजेडात मी जेवले. ‘जेवले’ या शब्दाकडे कृपया लक्ष द्यावं. बसून जेवले, गरम जेवले आणि वाडग्यातलं सगळं माझं एकटीचं होतं. गेली सात वर्षं माझं जेवण म्हणजे कुरतडलेल्या पोळीचे काठ आणि गार झालेला वरणभाताचा शेवटचा घास. शिवाय न्हाणीघराच्या दाराखालून पाच दिवसांत एकदाही चिमुकली बोटं आत आली नाहीत. हे सुख कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आत्याबाई, ‘त्या पैशात दोन ज्योतिर्लिंगं झाली असती,’ असं आपण म्हणालात. आपल्या समाधानासाठी सांगते, शंकर तिथंही भेटला. होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर मी सन आहे. चंपा राजांनी बांधलेल्या शिवमंदिरांचा हा समूह. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं तिथं भद्रेश्वराची स्थापना केली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत बरंच काही उद्ध्वस्त झालं. नंतर आपल्याच पुरातत्त्व खात्यानं डागडुजीत हात घातला आणि २०२० मध्ये त्या कामात अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं. मी हात जोडले. मुलांसाठी काहीतरी मागेन म्हटलं होतं, पण खरं सांगते, आणखी दोन दिवस मागितले.

मामी, आपण म्हणालात, ‘नशीबवान आहेस, नवरा परदेशी नेतो.’ छोटीशी दुरुस्ती. निम्मे पैसे माझ्या बोनसचे. तिकिटं मी काढली, व्हिसाचे अर्ज मी भरले, डब्यांचा तक्ता मी केला, औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या मी डकवल्या आणि फ्रिजवर चार पानी सूचनापत्र मी लावलं. आमच्या ह्यांनी बॅगा उचलल्या. दोन्ही उचलल्या, हे मान्य करायला हवं. शिवाय जेवणाचं सहा लाखांचं बिल बघून त्यांच्या छातीत धस्स झालं, तेव्हा एका रुपयाला जवळपास तीनशे डाँग पडतात हेही मीच आठवून दिलं.

आता मुलांचे हाल. माझ्यासमोर दुधीचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारी कन्या आजीच्या हातची दुधीची भाजी मागून घेत होती. चिरंजीव आबांकडून बदाम सात शिकले आणि त्यांनाच हरवू लागले. आमच्या रात्री नऊला, म्हणजे इथल्या साडेसातला मी रोज फोन करायचे. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, ‘आई, ठेव ना गं, आमचा डाव चाललाय.’ माझ्या सूचनापत्राच्या पाठीवर सासूबाईंनी वाणसामानाची यादी केली होती.

पाच दिवसांत झिजलं कोणी असेल तर त्या सासूबाई. परतले तेव्हा कमरेला पट्टा बांधून त्या पोळ्या लाटत होत्या. आपण सगळ्यांनी त्यांनाही फोन केलात आणि ‘मुलं रडली का हो?’ म्हणून विचारलंत. ‘तुम्हाला झेपलं का?’ हे विचारायचं राहिलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही दुसऱ्या दिवशीच लक्षात आलं.

आणि शेवटचा मुद्दा. आमचे हे कामासाठी दर महिन्याला आठ दिवस चेन्नईला असतात. चार वर्षं हे चालू आहे. ते परतले की आपण म्हणता, ‘दमला असशील रे.’ परवा विमानतळावरून आलो तेव्हा लिफ्टमध्ये आम्ही दोघंही होतो. मला ‘करमलं का हो?’, आणि त्यांना ‘कॉफी कशी असते हो तिकडची?’ काळजीची अशी काटेकोर वाटणी फक्त हितचिंतकच करू जाणोत. तरी नम्र विनंती, की यापुढे सदर प्रश्नाची एक प्रत त्यांनाही द्यावी.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा इकडेतिकडे वाटावा.

आपली,
करमलेली आई

ता. क. : पत्र लिहून झालं आणि सोमवार उजाडला. हे चेन्नईची बॅग भरत होते. आठवडाभर आपले सर्वांचे प्रश्न कान देऊन ऐकणारी कन्या पलंगावर चढून बसली आणि अगदी आत्याबाईंच्या सुरात म्हणाली, ‘मला सोडून तुला करमतं का रे, बाबा?’ हातात मोजे घेऊन हे तसेच उभे. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.