मुक्तिदिनाच्या भाषणातून गळलेली माणसं

दर १७ सप्टेंबरला चितेगावापासून उमरग्यापर्यंत मराठवाडाभर झेंडावंदन होतं. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेतली जातात. घ्यायलाच हवीत. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे. देश १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला. आपल्याकडे मात्र आणखी तेरा महिने निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ चालला. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. गावं लुटली, जाळली, माणसं कापली. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी हे सांगितलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे.

पण रझाकारांनी मारलेल्यांत शोएबुल्लाखान होता, हे किती शाळांत सांगतात? ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं, असं तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्याला गाठून मारलं, त्याचा हात तोडला. निवडणूक आली की शेजारच्या मुसलमानाला ‘रझाकार’ म्हणणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

आणि १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस ॲक्शन, म्हणजे संस्थानावरची भारतीय लष्कराची कारवाई, संपल्यावर काय झालं? सूड, लूट, जमिनी बळकावणं. ज्यांनी कधी रझाकारांचं तोंडही पाहिलं नव्हतं, असे गरीब मुसलमान त्यात मेले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. अगदी सावध अंदाजानं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली, असं तिनं लिहिलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड इथं सर्वाधिक. पण औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांतही किमान पाच हजार. म्हणजे आपल्या मराठवाड्यातले जिल्हेही त्यात आले. लष्कर आणि पोलिसांतले काही जणही लुटीत होते, असं समितीनं नोंदवलं. सरकारनं अहवाल छापलाच नाही. कित्येक दशकं तो दप्तरात पडून राहिला.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं; हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले. हे विणकरही आपलेच इतिहासपुरुष आहेत.

ही पानं झाकल्यानं हुतात्म्यांचा मान वाढत नाही. पुढच्या झेंडावंदनाला प्रत्येक शाळेनं भाषणाची पाच मिनिटं शोएबुल्लाखानाला द्यावीत, पाच मिनिटं त्या अहवालाला. मुलांना दोन्ही ऐकू द्या आणि त्यांचे प्रश्न टाळू नका.