स्वस्तातली जर्सी, भारीतली चड्डी

सुपरमार्केटात डाळ-तांदळाच्या पलीकडे लटकणारे स्वस्त सायकलिंगचे कपडे घ्यावेत का, याचा निकाल लोणावळ्यातल्या वलवण धरणावरच्या पावसावर सोडावा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ज्या पाण्यावर 1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं, ते अंगाला लागू न देण्याची हमी कुठलं जाकीट देणार? स्वस्तातलं जाकीट घाम आत कोंडतं, हे खरं. पण खोपोलीहून साडेपाचशे मीटर चढून येणारा माणूस महागड्या जाकिटातही भिजतोच, फक्त जास्त पैसे मोजून भिजतो. जर्सीचंही तेच. दोन्हीकडे पॉलिएस्टरच, स्वस्तातल्या जर्सीवर परदेशी संघाचं नाव नसतं, एवढीच काय ती उणीव.

‘मग दूधवाल्यासारखी पायजम्यातच चालवा की!’ असं कुणी खिजवेल. तो चालवतोच, पण त्याची सीट रुंद, स्प्रिंगची आणि बसणं ताठ. अरुंद सीटवर वाकून तीन तास काढणाऱ्याचं तसं नाही. तेव्हा आक्षेप एकाच जागी मान्य करावा लागतो, आणि ती जागा बुडाखालची. स्वस्त चड्डीतला स्पंज लवकर चपटा होतो, शिवण नेमकी नको तिथे घासते. खिसा मोकळा करायचा तो इथे. आपल्याकडे मात्र फोटोत दिसणारी जर्सी भारीतली आणि न दिसणारी चड्डी सेलमधली. मग मंडळी वडापाव उभ्यानेच खातात, आणि विचारलं तर म्हणतात, धरण इथूनच छान दिसतं.