पोळलेल्या पाठीवर लिंबू नको

अलिबागहून परतलेला माझा भाचा रात्री नऊ वाजता शर्ट अंगाला लावून घेईना. मे महिना, आणि स्वारी दुपारी बारापासून तीनपर्यंत उघडीच पाण्यात. संध्याकाळपर्यंत काही जाणवलं नाही. ऊन चढतं ते असंच, चार-सहा तासांनी. आता खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ लालभडक झालेली. बोट टेकवलं की पांढरा ठसा उमटायचा आणि लगेच पुन्हा लाल व्हायचा.

शेजारच्या काकू धावत आल्या, हातात अर्धं लिंबू. "चोळा जरा, काळवंडायचा नाही." मी त्यांचा हात धरला. माया खरी, पण लिंबू घातक.

लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं, की एक-दोन दिवसांत आग होते, फोड येतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. किनाऱ्यावर सरबतासाठी लिंबं पिळून तसेच हात उन्हात नेले, तरी बोटांवर ओघळांचे डाग उठतात. आधीच पोळलेल्या पाठीवर ते आम्ल चोळायचं? घरगुती म्हणजे निर्धोक, हे आपण कुठून ठरवलं?

टूथपेस्टही नको. बर्फ थेट लावला तर कातडी आणखी दुखावते. ताज्या पोळण्यावर तूप किंवा खोबरेल थापलं, तर आतली धग आतच राहते. मुलतानी माती वाळताना कातडी ओढते. दही थंड लागतं खरं, पण फोड फुटलेले असतील तर त्याच्या वाट्याला जाऊ नये.

मग काय करायचं? पाणी. माठातलं, साधं. जुन्या मऊ धोतराची घडी भिजवून, पिळून पाठीवर ठेवायची. दहा-पंधरा मिनिटं, कोमट झाली की पुन्हा भिजवायची. नंतर पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आमच्या गॅलरीत कोरफड आहे. पान कापून कुंडीच्या काठाला उभं टेकवलं, पिवळा चीक निथळू दिला (त्यानं कातडी खाजते), पान धुतलं आणि मधला काचेसारखा गर हलक्या हातानं लावला. पोरगं पहिल्यांदा गप्प झालं. वर ताक, पन्हं, पाणी, मागेल तितकं. फोड मात्र फोडायचे नाहीत. ताप, उलटी, चक्कर आली, फोड पाठभर असले किंवा तान्हं बाळ पोळलं, तर कुंडीकडे नाही, डॉक्टरकडे जायचं.

"आपण सावळे, आपल्याला काय होतंय?" हेही रोज ऐकते. लाली कमी दिसते, पण आग होतेच. विदर्भात कापूस वेचणाऱ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं बांधतात. त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आपण मात्र समुद्रावर पोरांना भरदुपारी उघडं सोडतो. पाण्यातही ऊन पोचतं, आणि वाळूवरून उलटून अंगावर येतं.

पाचव्या दिवशी भाच्याच्या पाठीची सालपटं निघू लागली. ओढायला त्याचे हात शिवशिवत होते. ओढू दिलं नाही. खालची कातडी कोवळी, गुलाबी होती. पुढचे पंधरा दिवस तो मामाच्या लांब बाह्यांच्या सुती शर्टात खेळला.