भाडेकरू बंडू

ती. आई आणि बाबा यांस,


कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहून घेते. परवा तुझा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजले होते. सुहास "कोण गेलं?" असं विचारतच उठला. गेलं कोणीच नव्हतं. देवरुखच्या लग्नात मठ्ठा वाढता वाढता सुमनमावशीने तुला सांगितलं होतं, की आमच्या मांजराला एड्स झालाय आणि ते अन्वीच्या अंथरुणात झोपतं. अंथरुणाचं शंभर टक्के खरं. एड्सचं फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण तू रडत होतीस आणि बाबा मागून इन्व्हर्टरची बॅटरी फुगल्याचं ओरडून सांगत होते. (बॅटरी बदला. पाणी घालून काही होणार नाही.)

तर ऐक. बंडूला आहे तो एफआयव्ही. माणसांच्या एचआयव्हीच्या कुळातलाच विषाणू, पण भावकी वेगळी. मांजराचा माणसाला होत नाही, माणसाचा मांजराला होत नाही. चाटल्याने नाही, बोचकारल्याने नाही, अंथरुणात झोपल्याने तर नाहीच नाही. मांजरामांजरांतसुद्धा एका बशीतून दूध प्यायल्याने सहसा पसरत नाही. खोल चावा लागतो, दात आत रुतवून घेतलेला. म्हणून हा आजार मुख्यतः भांडखोर, उंडग्या बोक्यांचा. बंडूचा उजवा कान पाहिलास ना फोटोत, निम्माच आहे. निवाऱ्यातून आणला तेव्हा त्याच्या पिंजऱ्यावर या आजाराची चिठ्ठी होती आणि लोक ती वाचून पुढच्या पिंजऱ्याकडे सरकत होते. अन्वी सरकली नाही. ती तुमच्यावर गेलीय.

बाबांना सनावळी लागते म्हणून: हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये, इथून तास-दीड तासावरच्या पेटालुमा गावात. एका बाईंनी पाळलेली पुष्कळ मांजरं एकामागोमाग आजारी पडत होती. डेव्हिसच्या विद्यापीठातले नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो शोधून काढला आणि पुढच्या वर्षी जाहीर केला. म्हणजे नाव तेव्हा मिळालं. बोके त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना चावत होते. पेटालुमा एरवी अंड्यांसाठी प्रसिद्ध. आम्ही तिथे गेलोय, ऑम्लेट बरं होतं.

कुकर झाला. आता भाजी फोडणीला टाकून पुढचं लिहिते, कारण हे तुला सांगायलाच हवं. इथे मांजराला भाडं असतं. आमचं भाडं वेगळं, बंडूचं वेगळं, महिना पन्नास डॉलर. वर पाचशे डॉलर अनामत. त्यासाठी अर्ज भरला. त्यात त्याचं वजन, रंग, लसीकरणाचा दाखला, समोरून एक फोटो आणि "पूर्वी कोणाला चावला आहे का" असा रकाना. कानाकडे बघून मी तिथे बराच वेळ पेन धरून बसले होते. सुहासने विचारलं, की या पन्नास डॉलरमध्ये त्याला काय मिळतं? पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा? अपार्टमेंटच्या ऑफिसातली मुलगी गोड हसली आणि म्हणाली, मिळत काही नाही, हे धोरण आहे. आपल्या मागच्या खोलीत पेंडसेकाका तीस वर्षं साठ रुपयांत राहताहेत, तेही दिवाळीला आठवण केल्यावर देतात. बंडूचं भाडं एक तारखेला आपोआप कापलं जातं. घराण्यातला सगळ्यात नियमित भाडेकरू म्हणून बाबांनी त्याची नोंद घ्यावी.

बाकी त्याची स्थिती मी एच-फोर व्हिसावर, नोकरीची मुभा नसताना, आले होते तशी आहे. राहा, खा, झोपा. बाहेर पडायचं नाही. बाहेर सोडला तर तो दुसऱ्याला चावून आजार देईल, आणि बाहेरचे साधे सर्दी-ताप त्याला जड जातील. त्याची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी होत जाते, पण हळूहळू म्हणजे वर्षानुवर्षं. पुष्कळ मांजरं या आजारासकट म्हातारी होतात. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला झोपवून टाकायचं, असं आता डॉक्टर म्हणत नाहीत. औषधही रोजचं काही नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, दात बघायचे, वजन बघायचं, आणि जेवला नाही किंवा ताप वाटला तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. (मधुकाकांकडे हे मांजर टिकलं नसतं.) वजन घरीच करतो. मी त्याला घेऊन काट्यावर उभी राहते, मग त्याला सोडून उभी राहते, आणि अन्वी वजाबाकी करते. त्यामुळे माझं वजन आता तिच्या सगळ्या वर्गाला माहीत आहे.

आणि हो, कच्चं काही द्यायचं नाही. मासा, मटण, अंडं, सगळं शिजवलेलं, नाहीतर डब्यातलं. तू पार्सलमध्ये भाजणीच्या आत दडवून पाठवलेले सोडे मिळाले. कस्टमवाल्यांना नाही कळलं, बंडूला पेटी दारात असतानाच कळलं. त्याला दिले नाहीत, मीठ फार. मीच वांग्यात घातले. घरभर वास सुटला तेव्हा तो ओट्याखाली बसून असा ओरडत होता की मला आपलं मागचं दार आठवलं, आणि विळीवर बसून एका हाताने आपल्या वाघ्या बोक्याला हुसकावणारी तू. मग भात जरा जास्तच खाल्ला. काट्यावर दिसलंच.

दातांचं राहिलं. या मांजरांना हिरड्या सुजण्याचा त्रास फार. बंडू बशीपाशी जाऊन नुसता बघत बसायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागचे सगळे दात काढूया. अंदाजपत्रक आलं: भूल, रक्ततपासणी, एक्स-रे, दात काढणं, घरी न्यायचं वेदनाशामक. एकूण अठराशे डॉलर. दीड लाखाच्या वर, आई! बाबांची वरची-खालची कवळी, शिवाय ती विहिरीत पडल्यावर केलेली दुसरी, दोन्ही मिळूनही यातला कोपरा भरणार नाही. सुहास कागद घेऊन गॅलरीत गेला आणि बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, "गाडीचे टायर पुढच्या वर्षी." आता बंडू सगळं गपागप खातो. टायर गुळगुळीत आहेत.

आता तिकडचं. प्राजूला म्हणावं, मुलगा पुण्याचा आहे म्हणून नकार देऊ नकोस, स्वभाव बघ, मग दे. कुंपणाच्या एका फुटासाठी बाळूकाकांशी कोर्टात जाऊ नका. त्या फुटात अळूशिवाय आजवर काही उगवलेलं नाही. सुमनमावशीच्या गुडघ्याचं काय ठरलं? आणि बाबा, जिन्याला कठडा कधी लावताय?

सारखं वाटतं, वाघ्यालाही हेच असेल का. फाटके कान, सुजलेलं तोंड, शेवटी खाईनासा झाला. तेव्हा आपण म्हातारा झाला म्हणालो. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी घरात शिरली, मी इथे मोबाइलवर चिपळूणचं पाणी बघत होते आणि तुमचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी लागला तर तुझं पहिलं वाक्य, "वाघ्या माळ्यावर आहे, काळजी करू नको." तुम्ही दोघं कुठे आहात ते सांगायचं राहिलंच. मला अजून त्याचा राग आहे.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की कळवा. मुंबईला जाताना बाबांना नवीन कवळी लावून न्या. आल्यावर बंडू तुझ्याच पायावर झोपणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तुला पाय आखडायचे तर आखड. कपडे वाळलेत, काढायला हवेत.

तुमची,
माई

ता. क. पेंडसेकाकांना बंडूच्या भाड्याचं बोलू नकोस. बोलायचंच असेल तर दिवाळीच्या आधी बोल.